परवलीचा शब्द विसरल्यावर

पूर्वी घरातील मोलाची कागदपत्रे लोखंडी कपाटात असत. किल्ली हरवली तर कुलूपवाल्यास बोलावले की काम भागे. आज घराण्याचा कुलवृत्तान्त, मंगलकार्यांची छायाचित्रे, वडीलधाऱ्यांनी टंकून ठेवलेल्या आठवणी, हे सारे संगणकाच्या पोटात गेले आहे आणि किल्लीची जागा परवलीच्या शब्दाने, म्हणजेच पासवर्डने घेतली आहे. तो शब्द विस्मरणात गेला, अथवा तो जाणणारी व्यक्तीच निवर्तली, तर काय करावे? या प्रश्नाचा विचार आपण येथे करू.

नॉर्वेतील एक हकीकत या संदर्भात बोधप्रद आहे. ईवार ओसेन (१८१३–१८९६) यांनी खेडोपाडी हिंडून लोकांच्या बोलींतून 'नीनोर्स्क' ही लेखनभाषा घडविली. तिचे अभ्यासक प्राध्यापक रेइदार यूपेडाल यांनी आपल्या ग्रंथसंग्रहाची सूची संगणकात नोंदविली व तिला पासवर्डचे कुलूप घातले. १९८९ साली ते वारले. पासवर्ड कोणासच ठाऊक नव्हता. अखेर २००२ साली ओसेन यांच्या नावाच्या केंद्राने जाणकारांना जाहीर आवाहन केले आणि थोड्याच वेळात कोडे सुटले. पासवर्ड म्हणजे प्राध्यापकांचे आडनावच होते, केवळ उलट्या क्रमाने लिहिलेले!

ते कुलूप साधे होते म्हणून उघडले. आजचे कुलूप तसे राहिलेले नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

संगणक अडून बसला, तर आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. मोठ्या लिपीची 'कॅप्स लॉक' कळ दाबलेली नाही ना? मराठी टंकलेखन करणाऱ्या घरांत कळफलक देवनागरीवर राहून जातो. मग बोटे योग्य कळांवर पडूनही अक्षरे भलतीच उमटतात. पडद्याच्या कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती पाहावी. तसेच 'पिन' व पासवर्ड या दोन भिन्न गोष्टी आहेत. एक विसरला तरी दुसरा चालू शकतो.

विंडोजच्या संगणकात खाते दोन प्रकारचे असते. मायक्रोसॉफ्टचे खाते असल्यास दुसऱ्या संगणकावरून वा मोबाईलवरून नवा पासवर्ड घेता येतो. मात्र त्यासाठी लागणारा संकेतांक नोंदविलेल्या मोबाईलवर किंवा ई-मेल पत्त्यावर येतो. जुना क्रमांक बंद पडला असेल, तर हा मार्ग बिकट होतो. खाते केवळ त्या यंत्रापुरते असल्यास आधी ठरविलेल्या सुरक्षाप्रश्नांची उत्तरे देऊन, किंवा त्याच यंत्रावरील दुसऱ्या प्रशासक-खात्यातून, वाट मिळते.

यांपैकी काहीच साधले नाही, तर तंत्रज्ञाकडे जावे लागते. येथे एक भेद निर्णायक ठरतो. तबकडीवरील मजकूर सांकेतिक स्वरूपात साठविलेला नसेल, तर ती तबकडी काढून दुसऱ्या यंत्रास जोडता येते व मजकूर उतरवून घेता येतो. परंतु 'बिटलॉकर'सारखी व्यवस्था चालू असेल, तर तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मिळाल्याखेरीज कोणाचेच काही चालत नाही. ही किल्ली बहुधा धन्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. तिचा शोध प्रथम घ्यावा. यंत्र 'रीसेट' करण्याची घाई मात्र कदापि करू नये. त्याने संगणक मोकळा होईल, पण आतील ठेवा नाहीसा होईल.

दूरध्वनीवरून 'आम्ही कुलूप उघडून देतो' असे सांगणाऱ्या अपरिचितास यंत्राचा ताबा देऊ नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. अन्य कोणाचा संगणक त्याच्या अनुमतीवाचून उघडणे हे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये दंडनीय ठरू शकते, हेही विसरू नये.

उपायापेक्षा पूर्वतयारी केव्हाही श्रेयस्कर. पासवर्ड व पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर स्पष्ट अक्षरांत लिहून, पाकीट बंद करून, घराच्या खरेदीखतासोबत ठेवावी आणि निदान एका विश्वासू व्यक्तीस त्याची जागा सांगावी. गूगलने २०१३ पासून अशी सोय दिली आहे की, खाते ठराविक काळ निष्क्रिय राहिल्यास आपण नेमलेल्या व्यक्तींस त्यातील मजकूर मिळावा. ॲपलनेही २०२१ साली वारस-संपर्क नेमण्याची व्यवस्था केली.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना या गोष्टीचे महत्त्व अधिक आहे. एखाद्या आजींनी लिहिलेल्या ओव्या वा घराण्याच्या स्थलांतराची कथा यांची दुसरी प्रत बहुधा कोठेच नसते. नातवंडांची मराठी वाचण्याची सवय आधीच उणावत चालली असताना, जे लिहिले गेले आहे तेही कुलपाआड राहावे, याहून मोठी हानी कोणती? म्हणून येत्या रविवारी घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसावे, त्यांच्या लिखाणाची एक प्रत वेगळ्या तबकडीवर घ्यावी आणि ते पाकीट त्यांच्याच हस्ताक्षरात लिहवून घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.