चाकात वीज साठते, पण चाक वीज पिकवत नाही! जपानी रेल्वेच्या तरंगत्या चाकाचा हिशेब

वाशिम : एक जड लोखंडी चाक, पट्ट्याने जोडलेली मोटार आणि दुसऱ्या बाजूला जनरेटर. एकदा चाक फिरवलं की पंप फुकटात चालतो, असं सांगणारे व्हिडिओ मोबाईलवर सारखे फिरत असतात. रात्री-अपरात्री लाईनची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला असं मशीन घ्यावंसं वाटणं साहजिक आहे. पण पैसे मोजण्याआधी, असं चाक खरोखर कुठे आणि कशासाठी वापरतात ते पाहून घ्या.

चाकात ताकद साठते, हे खरंच आहे. हाताने चालवायच्या कडबा कुट्टीचं चाक उगाच जड नसतं. विहिरीवरच्या डिझेल इंजिनचं चाकही इंजिन बंद केल्यावर काही वेळ फिरत राहतं. पण शेवटी थांबतंच. बेअरिंगमधलं घर्षण आणि आजूबाजूची हवा त्याची ताकद खाते. बैलगाडीच्या आसाला वंगण लागतं ते याच घर्षणामुळे.

जपानच्या रेल्वे टेक्निकल रिसर्च इन्स्टिट्यूटने हे घर्षणच काढून टाकायचं ठरवलं. यामानाशी प्रांतात २०१५ मध्ये एका सौर प्रकल्पाला जोडून असं चाक तपासायला घेतलं. दोन मीटर व्यास, चार टन वजन, मिनिटाला जास्तीत जास्त ६ हजार फेरे. हा वेग लोखंडाला झेपत नाही, म्हणून चाक कार्बन फायबरचं आहे आणि ते हवा काढून टाकलेल्या टाकीत फिरतं.

एवढं वजन पेललंय कशाने? चुंबकाने. काही पदार्थ उणे २०० अंशांच्याही खाली थंड केले की त्यांच्यातून वीज कसलाही अडथळा न होता वाहते. त्यांना सुपरकंडक्टर म्हणतात. खाली अशा पदार्थाची गुंडाळी असते, ती जबरदस्त चुंबक बनते. वर चाकाच्या दांड्यावर त्याच जातीची चकती असते. ती चुंबकाला स्वतःत शिरू देत नाही, दूर ढकलते. त्यामुळे चार टनांचं चाक कशालाही न टेकता अधांतरी फिरतं. मात्र थंड ठेवणाऱ्या यंत्राला सतत वीज द्यावी लागते. म्हणजे तिथेही फुकट काहीच नाही.

आता रेल्वेचा संबंध. गाडी ब्रेक लावते तेव्हा विजेच्या इंजिनाची मोटार उलटी जनरेटरसारखी चालते आणि वीज वरच्या तारेत परत जाते. पण डीसी विजेच्या मार्गावर ती घ्यायला जवळपास दुसरी गाडी नसेल, तर ती उष्णता होऊन वाया जाते. म्हणूनच जपानने हे चाक डोंगराळ चुओ मार्गावरच्या अनायामा उपकेंद्रात चाचणीसाठी नेलं. उतरणाऱ्या गाडीची वीज चाकात साठवायची आणि चढणाऱ्या गाडीला द्यायची.

आपल्याकडे ही अडचण कमी आहे. मुंबईच्या लोकल पूर्वी १५०० व्होल्ट डीसीवर धावत. २०१६ पर्यंत त्या २५ हजार व्होल्ट एसीवर आल्या. एसीमध्ये उरलेली वीज ट्रान्सफॉर्मरमधून मागे ग्रिडमध्ये जाऊ शकते, वेगळं चाक लागत नाही.

हिशेब आता सोपा आहे. जपानच्या त्या चाकात मावते १०० युनिट वीज, तीही आधी बाहेरून भरलेली. ५ एचपीचा पंप तासाला साधारण ४ युनिट खातो, म्हणजे एवढ्या मोठ्या यंत्रावर एक पंप जेमतेम २५ तास चालेल. व्हिडिओतलं एक मीटर व्यासाचं, ५० किलोचं भरीव चाक मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरवलं, तर त्यातली ताकद त्याच पंपाला एक सेकंदही पुरत नाही.

तरीही कुणी मशीन विकायला आलं, तर त्याला दोन मीटर लावायला सांगा. एक मोटारीकडे जाणाऱ्या विजेवर आणि एक जनरेटरमधून येणाऱ्या विजेवर. तासभर चालवा, आणि टाकीच्या आत किंवा मागे लपवलेली वायर किंवा बॅटरी नाही ना, हेही बघा.