विश्लेषण : गहू उशिरा सुरू केला तर बाळाचा सिलिअ‍ॅक आजार टळतो का?

मोठ्या मुलाला सिलिअ‍ॅक आजार निघाला की घरात लगेच धाकट्याची काळजी सुरू होते. उष्टावणानंतर त्याला रव्याची खीर द्यायची, की गहू वर्षभर लांबच ठेवायचा? ‘जितका उशीर तितके बरे’ हा सल्ला वर्षानुवर्षे दिला जात होता. युरोपातील दोन मोठ्या चाचण्यांत तो टिकला नाही.

नेमके काय होते?

गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. जुलाब, पोट फुगणे, रक्तक्षय, वजन-उंची न वाढणे ही लक्षणे. एचएलए डीक्यू २ किंवा डीक्यू ८ जनुक नसेल तर हा आजार सहसा होत नाही. मात्र जनुक असलेल्या बहुतेकांनाही तो होत नाही.

चाचण्यांत काय दिसले?

दोन्हींचे निष्कर्ष ऑक्टोबर २०१४ मध्ये आले. इटलीत जवळच्या नात्यात हा आजार असलेल्या बाळांपैकी काहींना सहाव्या, तर काहींना बाराव्या महिन्यापासून ग्लुटेन दिले. जोखमीचे जनुक असलेल्या मुलांत दोन वर्षांच्या वयात आजाराचे प्रमाण अनुक्रमे १२ आणि ५ टक्के होते. अभ्यास इथेच थांबला असता तर उशिराचा सल्ला पक्का झाला असता! पाचव्या वर्षी मात्र दोन्ही गटांत १६-१६ टक्के. आजार टळला नव्हता, लांबला होता.

दुसऱ्या चाचणीत उलटा प्रयोग झाला. जोखमीच्या ९४४ बाळांपैकी निम्म्यांना चौथ्या ते सहाव्या महिन्यात रोज १०० मिलिग्रॅम ग्लुटेन दिले, म्हणजे शरीराला त्याची सवय व्हावी. तिसऱ्या वर्षापर्यंत त्याचाही फायदा दिसला नाही. स्तनपानामुळेही हा आजार टळल्याचे दिसले नाही. त्याचे बाकीचे फायदे अर्थातच आहेत.

मग घरी काय करायचे?

२०१६ च्या युरोपीय शिफारशीनुसार चौथ्या ते बाराव्या महिन्यात कधीही ग्लुटेन सुरू करता येते. सुरुवातीला फार मोठे प्रमाण नको. आपल्याकडे सहा महिने फक्त स्तनपानाचा सल्ला असल्याने वरच्या आहारासोबत गहूही थोडा थोडा देता येतो.

एक चूक मात्र हमखास होते. शंका येताच घरचे गहू बंद करून नाचणी-ज्वारीवर येतात आणि मग रक्ततपासणीला जातात. ग्लुटेन थांबले की रक्तातील प्रतिपिंडे कमी होतात आणि आजार असूनही अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. त्यामुळे तपासणी होईपर्यंत पोळी बंद करू नये, असे डॉक्टर सांगतात.