ॲक्सल नाचतोय

द्राक्षहंगामावर काहीतरी लिहून आणा, म्हणून संपादकांनी पिंपळगाव बसवंतला धाडलं. भाव, निर्यात आणि अवकाळी यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी अडकलो तो बाजारपेठेपासून जरा बाजूच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. दारात मागची चाकं काढलेले छोटे ट्रॅक्टर लाकडी ठोकळ्यांवर चढवलेले, आत एक जुना लेथ, आणि भिंतीला टेकवलेले दहा-बारा ॲक्सल. प्रत्येकावर खडूनं गावाचं नाव: उगाव, शिवडी, पालखेड, साकोरे.

शेडचे मालक आयटीआय झालेले टर्नर. सातपूरच्या एमआयडीसीत उमेदीची वर्षं काढली, मग गावी येऊन लेथ टाकला. सगळे त्यांना मिस्तरी म्हणतात. बाकी गॅरेजांत पहिल्यांदा हातोडा आणि पुलर उचलला जातो, इथे मायक्रोमीटर.

यंत्राचा इतिहास थोडक्यात उरकतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल यांच्या बिडाच्या पेट्याच एकमेकींना बोल्टनं जोडायच्या आणि वेगळी चासी ठेवायचीच नाही, ही रचना १९१७च्या फोर्डसन ट्रॅक्टरनं सर्वदूर नेली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरामागच्या बागेसाठी चिमुकले ट्रॅक्टर निघाले. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडची, १९४६ साली सुरू झालेली व्हील हॉर्स ही त्यातली नावाजलेली कंपनी. गिअर, डिफरन्शियल आणि ॲक्सल या सगळ्यांना एकाच पेटीत बसवायचं, असा तो संसार. त्या पेटीला ट्रान्सॲक्सल म्हणतात. तिकडे ती बहुधा हिरवळीवर फिरते. आपल्या द्राक्षबागेतल्या पंधरा-अठरा हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरची मागची पेटी त्याच गोत्रातली, पण तिच्या नशिबी हिरवळ नाही.

दोन ओळींत नऊ-दहा फूट अंतर, वर मांडव, म्हणून ट्रॅक्टर अरुंद आणि बुटका हवा. त्याच्या मागे सहाशे लिटरची टाकी आणि ब्लोअर. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की डाऊनी रोगाच्या धास्तीनं फवारणीवर फवारणी. काळ्या चिखलात, तशाच भरल्या टाकीनिशी. चिखल ऑइल सीलच्या ओठाशी साचतो, त्यातली रेती ॲक्सलवर बारीक चरा पाडते आणि तिथून ऑइल झिरपायला लागतं. बोर्डो मिश्रणात चुना कमी पडला तर मोरचूद उघड्या लोखंडाला खातो, तो भाग वेगळाच.

बागाईतदार येतो तो सीलची तक्रार घेऊन. ‘या वर्षात तिसरं सील टाकलं मिस्तरी, तरी गळतंयच.’ मिस्तरी जॅक लावतात, चाक वर-खाली धरून हलवतात आणि म्हणतात, ‘सीलचा दोष नाही भाऊ, ॲक्सल नाचतोय.’ सील ऑइल अडवू शकतं, शाफ्टचं हेलकावणं अडवू शकत नाही. शाफ्ट का हेलकावतो याचं गावठी उत्तर ‘बेअरिंग गेलं’ असं आहे. नवं बेअरिंग टाकतात, महिनाभर बरं चालतं, पुन्हा तेच.

मिस्तरींनी एक बेअरिंग उतरवून दाखवलं. आतल्या रिंगेखाली शाफ्टवर गंजासारखी तांबूस भुकटी होती. माझं लक्ष खिळलं ते तिथे. ट्रॅक्टरचा भार कायम एकाच दिशेनं येतो आणि शाफ्ट फिरत असतो. अशा वेळी आतली रिंग शाफ्टवर घट्टच बसलेली हवी. जरा सैल झाली, की मनगटातल्या सैल बांगडीसारखी ती शाफ्टभोवती लोळायला लागते. बहुतेक बेअरिंगांच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचानं गुणले की आतल्या भोकाचं माप मिळतं. ६२०७ म्हणजे ३५ मिलिमीटर. या ३५च्या रिंगेत आणि शाफ्टमध्ये ०.०५ मिलिमीटर फट पडली, तर प्रत्येक फेऱ्याला रिंग फटीच्या परिघाएवढी, साधारण ०.१६ मिलिमीटर, मागे सरकते. सातशे फेऱ्यांत तिचा एक आख्खा वेढा चुकतो. चाकाचा परीघ तीनेक मीटर धरला तर हे सव्वादोन किलोमीटरांच्या आत घडतं. दहा फुटी ओळींच्या बागेत एकरभर फवारणीला सव्वा किलोमीटरच्या वर चालणं होतं. म्हणजे दीड-पावणेदोन एकर औषध मारून होईपर्यंत पोलादाची रिंग पोलादाच्या शाफ्टवर एक वेढा घासलेली असते. बेअरिंगच्या खाचा आणि गोळ्या मात्र अजून धडधाकट! बदललं जातं तेच बेअरिंग, आणि झिजलेला शाफ्ट आत तसाच राहतो.

चांगला शाफ्ट ३५पेक्षा दोन ते अठरा मायक्रॉन मोठा असतो, म्हणूनच बेअरिंग सहज सरकत नाही. मिस्तरी ते तेलात शंभर-एकशे दहा अंशांपर्यंत गरम करतात, भोक तीसेक मायक्रॉन फुलतं आणि रिंग हातानं जाग्यावर बसते. हातोडा नाही. समोरच्या गॅरेजात बाहेरच्या रिंगेवर पाइप लावून ठोकतात, आणि प्रत्येक घाव गोळ्यांमार्फत रिंगेवर बारीक खाच ठेवून जातो. ते बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं.

खरी पंचाईत झिजलेल्या शाफ्टचीच आहे. सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे सेंटर पंचानं शाफ्टवर ठिपके ठोकायचे. ठिपक्याची कड उचलली जाते, बेअरिंग घट्ट बसल्यासारखं वाटतं. ‘वाटतं’ एवढंच, भार त्या चार-दोन उंचवट्यांवर येतो आणि ते लवकरच चेपतात. पेयाच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळणारेही आहेत. बेअरिंग पकडून ठेवणारं ॲनेरोबिक रसायन मिळतं, ते मिस्तरी वापरतात, पण फट मायक्रॉनांत असेल आणि शाफ्ट ऑइलविरहित स्वच्छ पुसला असेल तरच.

झीज जास्त असेल तर वेल्डिंग भरून टर्निंग. हे ऐकायला सरळ आहे. पण ॲक्सल मिश्रधातूच्या पोलादाचा, उष्णता देऊन कणखर केलेला. थंड शाफ्टवर वेल्डिंग मारलं तर टाक्याशेजारचा पट्टा ठिसूळ होतो, आणि बेअरिंगची बैठक म्हणजे नेमकी अशी जागा जिथे चाकाचा भार शाफ्टला सगळ्यात जास्त वाकवतो. आधी शाफ्ट तापवायचा, लो-हायड्रोजन इलेक्ट्रोड भट्टीत सुकवून घ्यायचा, काम झाल्यावर राखेत पुरून रात्रभर हळूहळू निवू द्यायचा. तोवर बागाईतदार फोनवर: ‘आभाळ आलंय, दुपारपर्यंत देता का?’ मेटल स्प्रे हा मवाळ इलाज, पण त्यासाठी काम नाशिकला जातं आणि दिवस मोडतात. स्लीव्ह चढवायची तर शाफ्ट आधी बारीक करावा लागतो. ३५चा ३१ केला की पीळ सोसण्याची ताकद तीस टक्क्यांनी घटते, कारण ती व्यासाच्या घनाच्या हिशेबात जाते. हे मिस्तरी लेथच्या पत्र्यावर खडूनं मांडून दाखवतात. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि विचारतं, ‘मग किती वेळ लागेल?’

पेटीतलं बेअरिंग बसायचं भोक झिजलं असेल तर आणखी अवघड. बीड वेल्डिंगला नाठाळ, आणि दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत बोअर करायला मोठं मशीन लागतं. शिवाय बाजारात नामांकित खोक्यातली नकली बेअरिंग आहेत. मिस्तरी छपाई पाहतात, रिंगेवरचा नंबर पाहतात, शेवटी भोक मोजतात. नकली मालात ते कधी बरोबर निघतंही, म्हणून पक्की पावती देणाऱ्या दुकानाखेरीज खरेदी नाही.

मी होतो तेव्हा शिवडीच्या ॲक्सलवर त्यांनी स्प्लाइनच्या खाचेला धरून लांब पट्टी लावली. खाच पट्टीला समांतर राहायला हवी होती, ती तिरकी गेली. पोलाद पिळलं होतं. ‘हा नाही होणार. नवीन मागवा.’ जुन्या मॉडेलचा ॲक्सल यायला आठवडा लागणार होता आणि पाऊस परवावर आलेला. बागाईतदारानं ॲक्सल पोत्यात गुंडाळला, मोटारसायकलला आडवा बांधला आणि समोरच्या गॅरेजात नेला. अर्ध्या तासात तिकडे वेल्डिंगचा प्रकाश लखलखायला लागला. मिस्तरींनी लेथ चालू केला आणि पालखेडचा जॉब चकमध्ये धरला.