गोणीतून निसटलेला वायू

सिमेंटची गोणी उचलली की खांद्यावर ५० किलो येतात. त्या गोणीचं आणखी सुमारे ४० किलोंचं एक ओझं असतं. ते कुणाच्याच खांद्यावर येत नाही, कारण ते कारखान्यातच हवेत मिसळून गेलेलं असतं.

चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरच्या आसपास सिमेंटसाठी लागणाऱ्या चुनखडीच्या खाणी आहेत. हा दगड कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून बनला, आणि बनताना त्यानं पाण्यातला कार्बन डायऑक्साइड पोटात घेतला. आज हा दगड भाजला की तो वायू सुटतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजा, हाती ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो वायू उडून जातो. हातात घेतलेल्या त्या जड, थंड दगडाचं जवळजवळ निम्मं वजन वायूचं असतं! भट्टीत १४५० अंशांची धग लागते, त्या इंधनाचा धूर वेगळाच. पण गोणीमागच्या ४० किलोंपैकी निम्म्याहून जास्त वायू दगडातूनच निघतो. उद्या भट्टी सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी तो सुटणारच.

इमारत किती पर्यावरणस्नेही आहे हे मोजताना नुसतं वीजबिल पाहून चालत नाही, ते यासाठी. 'जीवनचक्र मूल्यमापन' नावाची पद्धत खाणीपासून सुरू होते. भट्टी, ट्रक, बांधकाम, वापर, दुरुस्ती असं करत शेवटच्या राड्यारोड्यापर्यंत जाते. ढोबळ अंदाजानं हजार चौरस फुटांच्या घराला ४०० गोण्या लागतात. म्हणजे नुसत्या सिमेंटचेच १६ टन. उंबरठ्यावर पहिलं पाऊल पडण्याआधीच हा खर्च होऊन गेलेला असतो.

आता गोणीवरची अक्षरं वाचा. 'पीपीसी' लिहिलं असेल तर आत औष्णिक वीज केंद्राची राख आहे, ३५ टक्क्यांपर्यंत. सिमेंट पाण्याशी मिळतं तेव्हा थोडा चुना मोकळा होतो. राखेचे बारीक गोल कण तो चुना धरतात आणि त्याचाच नवा चिकट बंध तयार करतात. ३० टक्के राख असेल, तर आपल्या घराच्या हिशेबातून चार-पाच टन वजा होतात. मात्र ही राख सावकाश काम करते. म्हणून साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस, तर राखवाल्यावर किमान १० दिवस पाणी मारावं, असं भारतीय मानक सांगतं.

निसटलेला वायू पुढे काय करतो, हे तर त्याहून नवलाचं आहे. गडांवर चुन्याचा घाणा दिसतो: गोल दगडी चर आणि त्यात फिरणारं जड दगडी चाक. त्यात मळलेला चुना भिंतीत बसला की हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढून घेतो आणि हळूहळू परत चुनखडी होतो. वायू घरी परततो, भिंत घट्ट होते.

काँक्रीटमध्येही तो परततो, पण तिथे सळई असते. काँक्रीटचा क्षारधर्म सळईला गंजापासून जपत असतो. आत शिरणारा वायू तो क्षारधर्म मोडतो. मग ओल लागते, सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडतात. त्या वायूला थोपवून धरतं ते सळईवरचं दोन-चार सेंटिमीटर काँक्रीट. मिस्त्री त्याला 'कव्हर' म्हणतात. ते पुरेसं जाड असलं आणि त्यानं पोटभर पाणी प्यायलं असलं, तर वायूला आत शिरायला दशकं लागतात.

मूल्यमापनाच्या सूत्रात एकूण कार्बनला इमारतीच्या वर्षांनी भागतात. आपले १६ टन ४० वर्षांत पसरले तर दरवर्षी ४०० किलो. तेच घर ८० वर्षं उभं राहिलं तर २००. दुसरं काहीही न बदलता निम्मं! घर बांधताना आपल्याकडची वडीलधारी माणसं एकच प्रश्न विचारत आली आहेत: टिकेल ना? आज जगभर जी मोजणी चालली आहे, तिच्या छेदस्थानी तोच प्रश्न बसलेला आहे. स्लॅबवर दहाव्या दिवशीही पाइप धरून उभा असलेला माणूस त्याचंच उत्तर देत असतो.