पिशवी उपडी करा

सकाळी ९. ओपीडी सुरू. संधिवाताच्या प्रत्येक रुग्णाला आमच्याकडे आधीच सांगितलेलं असतं: रिपोर्टांबरोबर घरातली सगळी औषधं आणा.

९:३०. साठीच्या पुढच्या मावशी. सांधे दुखतात, बारीक ताप, एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह. चिठ्ठीवर ‘ल्युपस?’ पण ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, बहुधा तरुण बायकांना गाठतो. म्हणून म्हटलं, “मावशी, पिशवी उपडी करा.” पट्ट्यांमध्ये हायड्रॅलाझिन निघालं, हृदयासाठी दिलेलं. या औषधाने ल्युपससारखा आजार होतो, हे १९५३पासून माहीत आहे. ज्यांच्या शरीरात ते सावकाश निकामी होतं, त्यांना धोका जास्त. मावशींच्या हृदयरोगतज्ज्ञांना लगेच फोन केला, गोळी बदलायचं ठरलं. बहुतेकांना औषध थांबल्यावर काही आठवड्यांत उतार पडतो. “मनाने मात्र कुठलीच गोळी सोडायची नाही,” हे दोनदा बजावलं.

११. कॉलेजातली मुलगी. मुरुमांसाठी कित्येक महिने मिनोसायक्लिन चालू, आता सांधे आखडलेले. हे औषधही तसाच आजार आणू शकतं, यकृतालाही त्रास देऊ शकतं, म्हणून तिच्या यकृताच्याही तपासण्या लिहिल्या.

१२:३०. खडीक्रशरवरचे दादा. थंडीत बोटं पांढरी पडतात. कातडी इतकी ताठरलीय की शर्टाचं बटण लावता येत नाही. हा स्क्लेरोडर्मा. एडिंबराच्या पाथरवटांमध्ये ब्रॅमवेल यांनी तो १९१४मध्ये नोंदवला, दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतल्या कामगारांमध्ये इरॅस्मस यांनी १९५७मध्ये. कारण सिलिकाची धूळ. “तोंडाला रुमाल बांधतो की, मॅडम.” ती बारीक धूळ रुमालाने अडत नाही. पाण्याचा फवारा आणि योग्य मास्क देणं मालकाचं काम आहे. शंभर वर्षांपूर्वी कळलेल्या गोष्टीसाठी आजही माणसांचे हात जातात, याचा मला संताप येतो.

३. बिडी ओढणारे आजोबा, संधिवाताची अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह. धुराने फुफ्फुसातली प्रथिनं बदलतात, काहींचं शरीर त्यांनाच परकं ठरवतं. आज औषधाआधी बिडीवर बोलले.

५. निवासी डॉक्टरांचा वर्ग. धूळ, धूर, औषध यांचा संपर्क अनेकांना येतो, आजार थोड्यांनाच होतो. अनुवंशिकतेचाही त्यात वाटा असतो. पण जनुकं बदलता येत नाहीत, गोळी आणि कामाची जागा बदलता येते.

६. मावशींच्या औषधाच्या दुष्परिणामाचा अर्ज भरला. देशभरातल्या अशा नोंदी गाझियाबादला जमा होतात. केसपेपरवर वयानंतर लगेच दोन ओळी हव्यात: काम काय करता, आणि कोणकोणती औषधं घेता?