कालवांच्या पेशींतील अदृश्य लढाई

मुंबई बंदराजवळ ७ ऑगस्ट २०१० रोजी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. अशा वेळी मासे दूर जाऊ शकतात. खडकाला चिकटलेली कालवे आणि चिखलात रुतलेल्या तिसऱ्या यांना मात्र जागा सोडता येत नाही. आलेल्या संकटाला त्यांना पेशींच्या पातळीवरच तोंड द्यावे लागते.

भरती-ओहोटीचा ताण

असा सामना त्यांना नवा नाही. ओहोटीत उघडी पडलेली कालवे आपले शिंपले घट्ट मिटून घेतात. त्यामुळे शरीरातील प्राणवायू कमी होत जातो. भरती येताच तो एकदम परत मिळतो आणि पेशींतील तंतुकणिकांमध्ये प्राणवायूची अतिक्रियाशील रूपे तयार होतात. ती पेशीपटलातील स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि डीएनए यांना इजा करतात. यालाच 'ऑक्सिडेटिव्ह ताण' म्हणतात.

संरक्षणाची साखळी

या ताणाविरुद्ध पेशींमध्ये विकरांची साखळी काम करते. 'सुपरऑक्साइड डिसम्युटेज' हे विकर सुपरऑक्साइडचे रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करते. जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये त्याचे हे कार्य दाखवून दिले. हायड्रोजन पेरॉक्साइडही घातकच असते. 'कॅटालेज' हे दुसरे विकर त्याचे पाणी आणि प्राणवायू यांत विघटन करते. ग्लुटाथायोन हा रेणू आणि त्यावर अवलंबून असणारी विकरे उरलेला धोका कमी करतात.

भरती-ओहोटीचा ताण काही तासांनी ओसरतो. प्रदूषणाचा ओसरत नाही. कालवे पाणी गाळून अन्न मिळवत असल्याने तेलातील घटक, तांबे, कॅडमियम आणि पारा त्यांच्या शरीरात साचतात. गंधकयुक्त 'मेटॅलोथायोनिन' प्रथिने या धातूंना बांधून ठेवतात. या कामी ऊर्जा खर्च झाल्याने वाढ आणि प्रजनन यांवर परिणाम होतो. संरक्षण अपुरे पडल्यास स्निग्ध पदार्थांच्या विघटनातून निर्माण होणारे मॅलोनडायअल्डिहाइड पेशींत वाढते.

जिवंत, पण सुरक्षित?

हीच लक्षणे शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडतात. शिंपल्यांच्या आधारे किनाऱ्यांवरील प्रदूषणावर लक्ष ठेवण्याची कल्पना एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये मांडली. शरीरात साचलेल्या प्रदूषकांबरोबर आता विकरांची पातळीही मोजली जाते. त्यामुळे कालवे मरण्यापूर्वीच धोक्याची सूचना मिळू शकते.

ओहोटीच्या वेळी खडकांवर कालवे फोडणाऱ्या कोकणातील महिलांसाठी आणि ती खाणाऱ्यांसाठी ही सूचना मोलाची आहे. कालव जिवंत आहे, एवढ्यावरून ते खाण्यास सुरक्षित ठरत नाही. ज्या प्रथिनांनी त्याला विषारी धातूंपासून वाचवले, त्यांनीच ते धातू त्याच्या मांसात धरून ठेवलेले असतात आणि शिजवल्याने ते नष्ट होत नाहीत.