निर्मित फाँट-फाइलींचे स्थान

अक्षरजुळणीसाठी लागणारा फाँट नेहमी सिद्ध स्वरूपातच उपलब्ध असतो, असे नाही. डोनाल्ड क्नूथ यांनी 'टेख' ह्या प्रणालीच्या जोडीला 'मेटाफाँट' ही भाषा निर्माण केली व १९८४ मध्ये तिची नव्याने रचना केली. तीत अक्षराचे चित्र नसते; ते कसे रेखाटावे ह्याचे वर्णन असते. ग्रोनिंगेनच्या फ्रान्स वेल्थुइस यांचा १९९१ चा देवनागरी फाँट ह्याच भाषेत रचलेला आहे. अशा वर्णनापासून छपाईयंत्राच्या सूक्ष्मतेनुसार बिंदुचित्रांची फाइल तयार करावी लागते : इंचास ३०० बिंदूंसाठी एक, ६०० साठी दुसरी. आवश्यक फाइल न सापडल्यास 'एमकेटेक्सपीके' हा प्रोग्राम ती तत्काळ निर्माण करतो. ही फाइल ठेवावी कोठे, हा प्रस्तुत प्रश्न होय.

शब्दकोशात 'बसणे' हा धातू नोंदवितात. 'बसतो, बसला, बसेल' ही रूपे नियमांनी सिद्ध होत असल्यामुळे त्यांच्या स्वतंत्र नोंदी करीत नाहीत. मेटाफाँटमधील वर्णन आणि बिंदुचित्र ह्यांचा संबंधही असाच आहे. बिंदुचित्र नष्ट झाले तरी पुन्हा घडविता येते. म्हणूनच लिनक्ससारख्या प्रणालींतील फोल्डरांची व्यवस्था ठरविणाऱ्या 'एफएचएस' ह्या प्रमाणकाने अशा फाइलींना '/व्हार/कॅश/फाँट्स' हे स्थान नेमून दिले आहे. 'कॅश'मधील काहीही केव्हाही पुसले गेले तरी प्रोग्रामचे कार्य अडता कामा नये, अशी ह्या स्थानाची अट आहे.

तथापि, एका व्यक्तीच्या नित्य वापरास जे सोयीचे, ते सॉफ्टवेअरच्या बिल्डला सोयीचे असेलच असे नाही. सामाईक कॅशमध्ये लिहिण्याचा अधिकार सर्वांना दिल्यास सुरक्षितता धोक्यात येते. न दिल्यास बिल्ड अडते. टेख लाइव्हमध्ये ह्या फाइली सामान्यतः वापरकर्त्याच्या होम फोल्डरात जातात. परंतु स्वयंचलित बिल्ड करणाऱ्या यंत्रावर असे फोल्डर पुष्कळदा अस्तित्वातच नसते.

ह्याहून गंभीर दोष निराळाच आहे. शोध घेताना फाइलीचे नाव पाहिले जाते. ती कोणत्या वर्णनापासून झाली हे तपासले जात नाही. मूळ वर्णनातील एखाद्या जोडाक्षराची दुरुस्ती केली, परंतु जुने बिंदुचित्र कॅशमध्ये राहिले, तर छपाईत जुनेच अक्षर उमटते आणि सूचना मात्र कोणतीच मिळत नाही. तसेच मूळ वर्णन पॅकेजमध्ये समाविष्ट करावयाचे राहिले असले, तरी कॅशमुळे ती उणीव झाकली जाते. दुसऱ्या यंत्रावर मात्र तेच पुस्तक छापता येत नाही. एकाच सामग्रीपासून सर्वत्र एकच फल निघावे, हे तत्त्वच येथे बाधित होते.

ह्यावरून तीन नियम निष्पन्न होतात. पहिला, केवळ साधन म्हणून निर्माण होणारा फाँट बिल्डच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवावा. त्यासाठी 'टेक्सएमएफव्हार' ह्या चलाचे मूल्य बिल्ड सुरू होण्यापूर्वी त्या फोल्डरातील जागेवर बसवावे. दुसरा, हे स्थान प्रत्येक बिल्डच्या आरंभी रिकामे असावे आणि मूळ सामग्रीत त्याची सरमिसळ होऊ नये. तिसरा, फाँट हेच जेव्हा बिल्डचे अंतिम फल असेल, तेव्हा तो साधन राहत नाही. त्याची गणना वितरित करावयाच्या फाइलींत करावी आणि त्याचे मूळ वर्णनही सोबत द्यावे.

सारांश, फाइलीचे स्थान तिच्या स्वरूपावरून नव्हे, तर तिच्या प्रयोजनावरून ठरते.